सहा मात्रांचं मरण

भास्कर रामचंद्र तांबे यांच्या मरणावरच्या गाण्यांचा विषय निघाला की 'जन पळभर' आणि 'नववधू प्रिया' ही दोन आधी आठवतात. पहिल्यात आपण गेल्यावर जग कसं लगेच आपापल्या कामाला लागेल याचा रोखठोक हिशेब आहे. दुसऱ्यात मरण म्हणजे सासर आणि जीव म्हणजे माहेरच्या मळ्यात पाय अडकलेली नवरी. दोन्ही वसंत प्रभूंच्या चालीत लता मंगेशकरांनी गायली आणि ती मराठी घरांत कायमची राहायला आली. तांब्यांचं तिसरं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं 'घन तमीं शुक्र' हेही लताबाईंनीच गायलेलं. पण ते मरणाचं गाणं म्हणून फारसं कुणी ऐकत नाही. खचलेल्या माणसाला उभारी देणारं, अंधारात आशा दाखवणारं गाणं असाच त्याचा लौकिक. हा लौकिक खोटा नाही, अर्धा आहे. गाणं खिन्नतेपासून निघतं हे खरं, पण पोचतं ते मरणाच्या भीतीपाशी. आणि मला वाटतं, या तिघांत हेच सर्वांत धीट आहे. 'जन पळभर'मध्ये बोलणारा मरणाकडे पाहतो ते मागे राहणाऱ्यांच्या बाजूनं. 'नववधू'त मरणाला प्रियकराचं रूप मिळाल्यामुळे भीतीचं लाजेत रूपांतर करायची सोय झालेली आहे. इथे तशी सोय नाही. इथे एक माणूस आपल्याच मनाला सरळ विचारतो की तू मरणाला का भितोस, आणि हा प्रश्न विचारायला त्याला जवळजवळ सगळी कविता खर्ची घालावी लागते.

रसग्रहणासाठी मी पुस्तकातली अख्खी कविता समोर ठेवली आहे. दोन ओळींचं ध्रुपद आणि चार-चार ओळींची पाच कडवी, एवढाच तिचा पसारा. ओळ सोळा मात्रांची. प्रत्येक कडव्याच्या पहिल्या तीन ओळी आपापसात यमक जुळवतात आणि चौथी ध्रुपदाच्या यमकाला येऊन मिळते, म्हणजे मन कितीही लांब गेलं तरी चौथ्या ओळीत त्याला परत आणलं जातं. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावलीत जन्म, आयुष्य बहुतेक मध्य भारतातल्या संस्थानांत, १९४१ साली ग्वाल्हेरातच शेवट. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन गर्दीपासून दूर राहून त्यांनी मराठी भावगीताला गाता येईल असा देह दिला. पुढे गोव्याच्या बा. भ. बोरकरांनी त्यांनाच गुरू मानलं. तांब्यांच्या कवितेला चाल लावणं सोपं असतं असं म्हणतात, पण याचा एक तोटाही झाला. चाल इतकी कानात बसते की शब्द काय म्हणतात याकडे लक्ष देण्याची निकड उरत नाही.

त्यांच्या पिढीवर मरणाची सावली किती दाट होती, हेही ध्यानात ठेवायला हवं. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगनं गेले, चाळिशीही गाठली नव्हती. बालकवी १९१८ साली रेल्वेखाली सापडले, गडकरी १९१९च्या जानेवारीत सावनेरला गेले; दोघांचीही ऐन उमेदीची वर्षं. त्याच १९१८ सालच्या इन्फ्लुएंझानं गावंच्या गावं उजाड केली. तांबे या सगळ्यांपेक्षा जास्त जगले, जवळजवळ सत्तरीला टेकले. ज्याच्याभोवती समकालीन एकेक करून जात राहिले, त्या कवीनं मरणावर इतकं लिहावं यात नवल नाही. नवल आहे ते त्यातल्या शब्दांचं. या मरणाच्या कवितेत चिता नाही, स्मशान नाही, यम नाही, रडणारे आप्त नाहीत. त्याऐवजी अंडं आहे, प्रसूती आहे, बी आहे, आई आहे. सगळी सामग्री बाळंतघरातली.

ध्रुपदात कवी खिन्न मनाला एकच काम सांगतो: बघ. काय बघ, तर दाट काळोखात शुक्राचा तारा कसा राज्य करतोय ते. इथे पहिल्याच पावलाला एक बारीक गोष्ट घडते, ती निसटू देऊ नये. शुक्र अंधार घालवत नाही. ते सूर्याचं काम. शुक्र अंधार असताना, अंधाराच्या अंगणात, आपला अंमल चालवतो. आशावादी कविता बहुधा काळोख फिटेल असं आश्वासन देते. ही कविता तसं काही म्हणत नाही. ती म्हणते, काळोख आहे तो असू दे, त्यात काय चाललंय ते बघ. सुरुवातीलाच इतकं कमी मागणारा कवी विश्वासू वाटतो.

आणि तारा शुक्राचाच का? ध्रुव का नाही, व्याध का नाही? आकाश पाहणाऱ्याला याचं उत्तर ठाऊक असतं. शुक्र मध्यरात्री डोक्यावर कधीच येत नाही. तो सूर्यापासून जास्तीत जास्त सत्तेचाळीस अंश दूर जातो, त्यामुळे तो दिसतो तेव्हा एक तर सूर्य नुकता मावळलेला असतो किंवा उगवायच्या बेतात असतो. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाया शुक्राच्या चांदणीवरूनच वेळ ओळखायच्या. म्हणजे अंधारात शुक्र राज्य करतोय याचाच अर्थ सूर्य क्षितिजाखाली फार खोल नाही. ताऱ्याची निवड करतानाच कवीनं पुढच्या अरुणाची सोय करून ठेवली आहे. पुराणातला शुक्र तर संजीवनी विद्येचा धनी, मेलेल्याला उठवणारा. राख होऊन त्याच्या पोटात गेलेला कच तिथेच मंत्र शिकतो, गुरूचं पोट फाडून बाहेर येतो आणि मग त्याच मंत्रानं गुरूला जिवंत करतो. तांब्यांच्या मनात हा दुवा होता असं मी म्हणणार नाही. पण शुक्राच्या पाठोपाठ लगेचच कवच फोडून बाहेर येण्याची प्रतिमा आली की मराठी वाचकाला कच आठवला तर त्यात त्याचा दोष नाही.

पहिल्या कडव्यात मन अंड्यात आहे. आतल्या आत कुढत, गुदमरत. कवी त्याला सांगतो की कवच फोड, मोकळ्या हवेत ये, थोडी भरारी घे. 'पिंजरा' ही प्रतिमा इथे सहज चालली असती आणि सामान्य कवीनं तीच घेतली असती. पिंजरा दुसऱ्या कुणी केलेला असतो आणि तो पहिल्या दिवसापासूनच वाईट असतो. अंड्याचं तसं नाही. पिल्लू जगलं ते या कवचामुळेच. ऊब, अन्न, आडोसा, सगळं त्याच्या आत होतं. एक दिवस मात्र असा येतो की त्याच कवचात राहिलं तर पिल्लू मरतं. भीतीचं, खिन्नतेचं इतकं न्यायी वर्णन मी क्वचित वाचलं आहे. तांबे मनाला तुझं आत बसणं मुळातच मूर्खपणाचं होतं असं म्हणत नाहीत, ते फक्त आता वेळ झाली असं सुचवतात. शिवाय आतून पाहिलं तर पिल्लाच्या दृष्टीनं कवच म्हणजेच जग. ते फुटणं म्हणजे जगबुडी. बाहेर काही आहे याचा एकही पुरावा आत मिळत नाही. मरणाबद्दल आपलीही स्थिती नेमकी हीच आहे. पण मरण हा शब्द अजून कवितेत कुठे आलेलाच नाही, आणि ती घाई कवी करत नाही.

दुसऱ्या कडव्यात प्रसूती होतात, त्याही दोन. अमावास्या सोनेरी अरुणाला जन्म देते आणि उषा अगणित किरणांना. अमावास्येला आई करणं ही इथली खरी कमाल. आपल्याकडे अवस म्हणजे अशुभ, भुताखेतांची, टाळायची रात्र. तिच्याच पोटी कवीनं सोन्याचा मुलगा घातला. काळोख आणि प्रकाश यांचं वैर त्यानं एका झटक्यात मायलेकरांच्या नात्यात बदललं. ध्रुपदात काळोख आणि शुक्र शेजारी-शेजारी होते, इथे काळोख प्रकाशाची आई झाला. आकाशभर अशी माया वाहते आहे म्हटल्यावर शेवटच्या ओळीत कवी एकदम घरात येतो आणि मनाला विचारतो, मग तू घरात बसून बागुलबुवा का उभा करतोस?

ही उडी मला फार आवडते. इतक्या भव्य उषःकालानंतर बागुलबुवा! पण शब्द नेमका आहे. बागुलबुवा मोठी माणसं लहान मुलांना निजवण्यासाठी, घाबरवण्यासाठी तयार करतात. इथे मोठं माणूस कुणीच नाही. मूलही तेच आणि त्याला घाबरवणारंही तेच. मनाची ही दुहेरी नोकरी तांब्यांनी एका घरगुती शब्दात पकडली. आणि मनाचं वयही ठरवून टाकलं. समर्थ रामदासांनीही मनालाच उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले आणि मरणाचा विषय त्यांतही निघतो, पण रामदासांचं मन सज्जन आहे, समजूतदार आहे, त्याला उपदेश झेपतो. तांब्यांचं मन पोर आहे. पोराला उपदेश करून भागत नाही, त्याचा हात धरून ते जिथे घाबरतंय तिथे जावं लागतं.

तिसऱ्या कडव्यावर मी फार रेंगाळत नाही. काट्यांत हसणारं फूल, काळ्या ढगातलं तेज, कडक हिमातून हसणारा वसंत. तिन्ही प्रतिमा सराईत आहेत. हिवाळा आणि वसंताची जोडी तर शेलीच्या पश्चिम वाऱ्यावरच्या कवितेपासून इंग्रजी शिकलेल्या प्रत्येक कवीच्या खिशात असायची. ग्वाल्हेरची थंडी झोंबणारी असते हे मान्य, तरी कोकणात वाढलेल्या वाचकाला हिमातून उगवणारा वसंत थोडा पाठ्यपुस्तकातला वाटणारच. पण कडवं अगदीच वाया गेलेलं नाही. त्याच्या शेवटच्या ओळीत कवी मनाला डोळे उघडायला सांगतो आणि तसं केलंस तर कळ दूर पळेल म्हणतो. म्हणजे आतापर्यंत ज्याला 'बघ, बघ' म्हणून सांगितलं जात होतं त्याचे डोळे मिटलेलेच होते! ते आधी अंड्यात होतं, आता बाहेर आहे, पण डोळे अजून उघडलेले नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हीच अवस्था असते.

चौथं कडवं हे या कवितेचं काळीज. इथे तीन ओळींत तीन व्यवहार आहेत. फूल गळतं आणि फळ गोड होतं. बी नाहीसं होतं आणि झाड डौलात डोलतं. तेल जळतं आणि ज्योत उजळते. वरवर पाहिलं तर मागच्या कडव्यासारखंच, निसर्गातले दाखले. पण तर्क पूर्ण बदलला आहे. काट्यांत फूल हसतं याचा अर्थ काटे असूनही हसतं. फूल गळतं म्हणूनच फळ येतं. आधीचे दाखले 'असूनही'चे होते, हे 'म्हणून'चे आहेत. आधी दुःख आणि आनंद एकमेकांना सहन करून शेजारी राहत होते, आता एकाच्या जाण्यावाचून दुसऱ्याचं येणं शक्यच नाही. मन सांत्वनाच्या एका पायरीवरून दुसरीवर कधी चढलं ते त्याला कळत नाही, कारण दाखल्यांचा थाट कवीनं तोच ठेवला.

आता मात्रा मोजा. या तिन्ही ओळींत नाहीसं होणाऱ्या वस्तूला सहा मात्रा आहेत आणि नव्या येणाऱ्या वस्तूला दहा. तिन्ही वेळा अगदी तंतोतंत. फुलाचं गळणं सहात आटोपतं, फळाचं गोड होणं दहांत पसरतं. बियांचं संपणं सहात, झाडाचं डोलणं दहांत. तेल सहात जळून जातं, ज्योतीला दहा मिळतात. मरण छोटं, त्यातून जे येतं ते मोठं, हा विचार कवीनं कुठेही शब्दांत सांगितलेला नाही, तो ओळीच्या मापात बसवला आहे. कवीनं मात्रा मोजून हे मुद्दाम केलं असेल असं नाही. कसलेल्या कवीचा कान असं करतो आणि हाताला सांगतही नाही. पण ऐकणाऱ्याच्या अंगात ते तीन वेळा मुरतं. दर ओळीत आधी थोडक्यात तोटा, मग प्रशस्त नफा. चौथ्या ओळीतला प्रश्न येईपर्यंत ऐकणारा निम्मा राजी झालेला असतो.

तरीही इथे थांबून कवीशी भांडायला हवं. गीतेतला जुन्या वस्त्रांचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. तिथे मरण म्हणजे कपडे बदलणं. कपडे बदलणारा तोच राहतो, त्याचं काहीच जात नाही. तांब्यांनी हा दाखला टाळला आहे. मला तर वाटतं, जाणूनबुजून टाळला आहे. त्यांचं फूल कपडे बदलत नाही. फूल गळतं. गोड होतं ते फळ, आणि ते फूल नव्हे. बी उरतच नाही, डोलतं ते झाड. तेलाला विचारलं तर ते म्हणेल, ज्योत उजळली हे ठीक, पण मी कुठे आहे? म्हणजे कवी इथे जी अमरता दाखवतो ती कुणाची? फुलाची नाही. फुला-फळाच्या चक्राची. मरणाला भिणारं मन चक्राची काळजी करत नसतं. त्याला आपली काळजी असते. माझ्यानंतर सृष्टी चालूच राहील या दिलाशात मला काय मिळालं, हा त्याचा सवाल अगदी रास्त आहे.

कवीला हे ठाऊक आहे, याचा पुरावा चौथ्या ओळीत आहे. तिथे तो विधान करत नाही. मरणात ही जी अमरता दिसते ती खरी नाही का, असं विचारतो. तीन ओळी ठाम, आणि निष्कर्षाच्या जागी प्रश्नचिन्ह. भजनात, प्रवचनात इथे ठणकावून उत्तर आलं असतं. तुकोबांनी तर आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहिल्याचा सोहळाच मांडला. तो अधिकार तुकोबांचा. ते मरणापलीकडे जाऊन, वळून बोलतात. तांबे अजून अलीकडच्या काठावर आहेत, तुमच्या-माझ्यासारखे. त्यामुळे त्यांना विचारण्यापलीकडे काही करता येत नाही, आणि पलीकडचं ठाऊक असल्याचा आवही त्यांनी आणला नाही.

मग पाचवं कडवं. 'मरणाची भीती' हे शब्द इथे पहिल्यांदा उघड येतात. कविता सुरू झाली तेव्हा मन नुसतं खिन्न होतं. पहिल्या कडव्यात त्याचं गुदमरणं कळलं, दुसऱ्यात बागुलबुवा, तिसऱ्यात कळ, चौथ्यात मरण आणि आता भीती. आपण उदास असतो, का ते सांगता येत नाही, कुणी विचारलं तर 'काही नाही, असंच' म्हणतो. त्या 'असंच'च्या तळाशी काय दडलेलं असतं ते कवीनं एकेक पापुद्रा काढत उघडं केलं. त्यामुळे हे उभारी देणारं गाणं आहे की मरणाचं, हा वादच मला फिजूल वाटतो. खिन्नतेचं औषध शोधायला निघालेला माणूस वाटेत तिच्या कारणापाशी पोचला, एवढंच.

या कडव्यात मरणाला दार म्हटलं आहे, सुखाचं दार, हरीची करुणा. पहिल्या कडव्यात दार नव्हतं हे आठवतं? अंड्याला दार नसतं, ते फोडावंच लागतं. आतून जे कवच वाटत होतं ते बाहेरून दार होतं. जागा तीच, उभं राहण्याची बाजू बदलली. आणि दाराशी आई उभी आहे, हात पसरून, उराशी घ्यायला. हरीची आई होणं मराठी माणसाला नवं नाही. विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या वारकऱ्यांनी हा रस्ता कधीच मळवून ठेवला आहे. त्यामुळे हरी आणि आई या दोन ओळींमध्ये कवीला काही समजावून द्यावं लागत नाही.

पण या कडव्यातली माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच आहे. ध्रुपदापासून चौथ्या कडव्यापर्यंत मनाला सतत बघण्याचा हुकूम होता. तारा बघ, पहाट बघ, फूल बघ, ज्योत बघ. बघण्याची सारी जबाबदारी मनावर. शेवटच्या कडव्यात असा एकही हुकूम नाही. आता बघणारी दुसरीच आहे. आई वाट पाहते आहे. इतका वेळ ज्याला डोळे ताणून दाखले शोधायला लावले, त्याला कळतं की आपल्यालाच कुणीतरी केव्हापासून न्याहाळत होतं. जन्मताना हेच होत नाही का? मूल बाहेर येतं तेव्हा त्याला धड काही दिसत नसतं. आईच त्याला पाहते. अंडं, दोन प्रसूती, न उघडलेले डोळे, रुजून संपलेलं बी, या सगळ्याची संगती इथे लागते. कवीनं मरणावर जन्माची भाषा पांघरली होती ती नुसती शोभेसाठी नव्हे. भिणाऱ्या मनाला त्यानं पुन्हा जन्मणाऱ्या मुलाच्या जागी नेऊन बसवलं. तिथे धीर लागत नाही. जन्माला येताना कुणाचाच धीर विचारला जात नाही.

रवींद्रनाथांच्या इंग्रजी 'गीतांजली'तही मरण आणि आई एकत्र येतात. तिथे आई बाळाला एका स्तनावरून दुसऱ्यावर घेते, मधल्या क्षणात बाळ रडतं, इतकंच. ती प्रतिमा जास्त नाजूक आहे हे कबूल. पण तिथे बाळ मुळात आईच्या कुशीतच आहे, कुशीबाहेर ते कधी गेलेलंच नाही. तांब्यांची आई पलीकडे आहे. मधलं अंतर मनाला कापायचं आहे, आणि ते कसं कापायचं याची कविता म्हणजे आधीची चार कडवी. भिणाऱ्या माणसाला, मला वाटतं, हे अंतर मान्य करणारा कवी अधिक जवळचा वाटेल.

गाण्यात याला आणखी एक रंग चढतो. कवितेत बोलणारा आहे तो कवीच, आपल्या मनाशी बोलणारा. लताबाईंच्या गळ्यात आल्यावर तेच शब्द बाईच्या आवाजात होतात, आणि मन नावाच्या पोराला समजावणारा हा आवाज कुणाचा, याबद्दल कानाला शंका येऊ लागते. शेवटच्या कडव्यात आई पलीकडे वाट पाहते म्हणून सांगितलं जातं खरं, पण सांगणारा आवाजच आईचा वाटत असतो. हृदयनाथांनी चाल संथ ठेवली आणि शब्दांना पुरेशी जागा दिली, हे त्यांचे उपकार. हुंदका कुठेही नाही. मरणाची गाणी गाताना गायकांना हुंदक्याचा मोह आवरत नाही. इथे तो आला असता तर चौथ्या कडव्यातला सहा-दहाचा तोल गेला असता, कारण रडणारा आवाज नेहमी तोट्यावरच रेंगाळतो.

एक तक्रार मात्र गाण्याबद्दल नाही, ते वापरणाऱ्यांबद्दल आहे. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत हे गाणं लावतात. माझ्या मते ही जागा त्याची नव्हे. ज्याचं माणूस नुकतंच गेलं आहे त्याला फूल गळल्यावर फळ गोड होतं हे ऐकवणं निर्दयपणाचं आहे. त्याला फळ नको असतं, तेच फूल हवं असतं. कवितेत मागे राहणारं कुणीही नाही हे मी वर म्हटलंच. ना बायको, ना मुलं, ना शेजारी. ती संपूर्ण कविता एका माणसाची स्वतःच्या मनाशी चाललेली खाजगी बोलणी आहे. मरणाला ज्याचं त्यानं सामोरं कसं जावं हे ती सांगते, दुसऱ्याच्या मरणाला कसं सोसावं हे नाही. ते दुःख वेगळं. तांब्यांच्या इतर कविता त्याकडे वळतात. सभेत गाणं लावायचंच असेल तर गेलेल्या माणसाला ते आवडायचं म्हणून लावावं, बसलेल्यांची समजूत काढायला नको.

देव न मानणारे काही रसिक मला म्हणतात की चौथ्या कडव्यापर्यंत आम्ही तांब्यांबरोबर आहोत, पाचव्यात ते आमचा हात सोडतात. सृष्टीचा दाखला पटतो, हरीची करुणा पटत नाही. त्यांचं म्हणणं मी पुष्कळदा मनात घोळवलं. पाचवं कडवं काढून कविता वाचूनही पाहिली. ती चांगली राहते, नेटकी होते, पण वनस्पतिशास्त्राच्या बाहेर जात नाही. फुलाच्या तक्रारीला उत्तर न देताच ती संपते. पण पाचवं कडवंही उत्तर देत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं. चौथ्याच्या अखेरीस विचारलेला प्रश्न कवीनं तसाच उघडा ठेवला आहे. अमरता खरी की खोटी याबद्दल पाचव्यात एक अक्षर नाही. तिथे तो विषयच बदलतो. मी उरेन का, या विचारण्याकडून तो मनाला माझी वाट कुणी पाहतंय का, या विचारण्याकडे नेतो. पहिल्याचं उत्तर पुराव्यानं द्यावं लागतं आणि ते कुणापाशी नाही. दुसऱ्यासाठी माणसाजवळ निदान एक अनुभव असतो, आईच्या कुशीचा, आणि तो आस्तिकालाच मिळतो असं नाही.